वर्गशिक्षिकेचा अभिप्राय

अंजूनं अर्धी खाऊन टाकलेली तूपगुळाची पोळी ताटलीत तशीच पडली होती. एका टोकाला दातांचे व्रण, आणि तेवढा भाग थुंकीनं भिजून लगदा झालेला. शिल्पानं ती उचलली आणि गॅसपाशी उभ्याउभ्याच तोंडात टाकली. साडेसहा वाजून गेले होते. शनिवारची सकाळची शाळा, व्हॅन पावणेसातला औसा रोडच्या कोपऱ्यावर येणार, आणि अन्न टाकायचं नाही ही आईची सवय हाडीमासी मुरलेली. दोनदा चावून झालं आणि तिचा जबडा जागच्या जागी थांबला. तोंडात होतं ते दुसऱ्याचं उष्टं होतं, ओलं होतं, आणि तिला काहीएक वाटलं नव्हतं. पोटच्या पोरीचं ते. काल मात्र मनगटावर पडलेल्या एका थेंबासाठी तिनं तीन वेळा साबण लावला होता. तिनं पोळी गिळली, पण मग उगाच पाणी प्यायली, आणि पर्समध्ये घडी घालून ठेवलेला तो फॉर्म आहे ना, हे पुन्हा एकदा बघून घेतलं. फॉर्म आज द्यायचा होता. द्यायचा म्हणजे काय, मुख्याध्यापक श्रीमंत सरांनी कालच बजावलं होतं, उद्या टेबलावर पाहिजे म्हणून.

फॉर्म कशिशचा होता. सातवीच्या वर्गातली कशिश, जन्मताच मेंदूला प्राणवायू कमी पडलेली. मान एका बाजूला कललेली, हात मनात येईल तिकडे जाणारे, बोलणं एकेका शब्दाला अर्धा मिनिट घेणारं, आणि तोंडातून लाळ. सतत. गळ्यात आईनं शिवलेलं लाळेरं असायचं, पण ते दुसऱ्या तासालाच चिंब व्हायचं. डोकं मात्र तल्लख. काल शेकडेवारीचं गणित फळ्यावर अजून उतरवून व्हायचं होतं, तोवर हिनं वहीत उत्तरावर बोट ठेवलेलं. बरोबर आहे का बघायला शिल्पा वाकली, कशिश आनंदानं वर बघायला गेली आणि तो थेंब पडला. कोमट. मनगटावरून घड्याळाच्या पट्ट्याखाली ओघळला. शिल्पा 'शाब्बास' म्हणाली. चेहरा तिनं जागेवर ठेवला होता, तिला स्वतःला तरी तसंच वाटलं होतं. मग बाहेर नळावर जाऊन तिनं मनगट घासलं, पट्टा घासला, पर्समधल्या बाटलीतलं सॅनिटायझर चोळलं, आणि परत आली तर कशिशनं आपली खुर्ची बाकापासून हातभर मागं ओढून घेतली होती. कुणी सांगितलं नव्हतं. कशिश खाली बघून वहीत पुढचं गणित करत होती.

आता या बाईला वाईट म्हणायचं का? तसं म्हणावं तर जिल्ह्यात हिच्यासारखी शिक्षिका नाही असं बोलणारे ढिगानं होते. व्हॅनमध्ये बसल्याबसल्याच आरती पाटील म्हणाली, "शिल्पाताई, आज तुमची शूटिंग हाय म्हणं. नांदेडहून लोक येऊन राहिले." आरती पुढच्याच गावच्या शाळेवर होती. चौघी मिळून महिन्यानं ही व्हॅन लावलेली, लातूर ते मुरुडच्या अलीकडची गावं, रोजचं अप-डाउन. "देवाचं काम करता ताई तुम्ही. माझ्यानं न्हाई झालं असतं. मला तर ते बघूनच कसंतरी होतं." बाकीच्या दोघींनी माना डोलावल्या. शिल्पा खिडकीतून बार्शी रोडवरच्या ऊसतोडीच्या गाड्या बघत राहिली. देवाचं काम. या शब्दांनीच तिला मळमळलं. मलाही कसंतरीच होतं, हे एक वाक्य तिला वर्षभरात कुणाहीजवळ बोलता आलं नव्हतं. नवऱ्याजवळही नाही. लोक एकदा तुम्हाला चांगलं म्हणाले की मग तुमची पंचाईत होते, तुमच्या घशातली कडू गुळणी तुम्हालाच गिळावी लागते.

हे सगळं सुरू झालं ते नांदेडच्या प्रशिक्षणापासून. पाच दिवस, एका हॉटेलच्या हॉलमध्ये, समावेशक वर्ग या विषयावर. दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या डोळ्यांना रुमाल बांधून वीस मिनिटं चालायला लावलं होतं, अंध मुलांना काय वाटतं ते कळावं म्हणून. शिक्षक एकमेकांवर आपटत होते, खिदळत होते, एकानं रुमाल वर करून सेल्फी काढला. मग पनीरची भाजी आणि गुलाबजाम. दुपारी वक्ते म्हणाले, या मुलांवर प्रेम करा, बाकी सगळं आपोआप होतं. प्रेम करा. नळ सोडा म्हटल्यासारखं. एकानंही उठून विचारलं नाही, की साहेब, लाळेचं काय करायचं, शी झाली तर कोण धुणार, आणि पोटात ढवळलं तर वर्गशिक्षिकेनं तोंड कुठं लपवायचं? तिनंही विचारलं नाही. ती प्रमाणपत्र घेऊन विष्णुपुरीला माहेरी गेली आणि आईच्या हातचं पिठलं खाऊन झोपली.

विष्णुपुरीचं ते घर तिला हल्ली फार आठवायचं. आणि आठवायचा तो कप. मागच्या दारी, न्हाणीघराच्या कोनाड्यात ठेवलेला, कान तुटलेला, निळ्या फुलांचा. नळाचं काम करायला जब्बारचाचा यायचे तेव्हा चहा त्या कपात. वडील त्यांच्याशी तासन्तास गप्पा मारायचे, धरणाच्या, पाण्याच्या, पोरीबाळींच्या लग्नाच्या. ईदेला त्यांच्याकडून शीरखुर्म्याचा डबा यायचा आणि आई तो 'फार छान झालाय हो' म्हणून घ्यायची, आणि मग कामवालीला द्यायची. कप आणायचं काम शिल्पाचं. चहा झाला की चाचा स्वतःच नळाखाली तो विसळायचे आणि कोनाड्यात पालथा घालायचे. जागा त्यांना ठाऊक होती. 'बेटी, रखा मैंने,' म्हणायचे. त्या माणसाच्या आवाजात कधी राग नव्हता, याचाच आता तिला राग यायचा. कॉलेजला गेल्यावर तिनं आईशी या कपावरून कडाक्याचं भांडण केलं होतं, दोन दिवस जेवली नव्हती, आणि शेवटी तो कप स्वतः दगडावर आपटून फोडला होता. तेव्हा तिला वाटलं होतं, फुटलं एकदाचं.

आणि मागच्या जूनमध्ये हीच शिल्पा लातूरच्या गंजगोलाईत जाऊन कशिशसाठी एक थाळी आणि एक पेला घेऊन आली. गुलाबी रंगाचा, फुलपाखराचं चित्र असलेला, महागातला प्लास्टिकचा संच. त्यावर नेलपेंटनं नाव लिहिलं, कशिश. किती चांगल्या मनानं लिहिलं होतं. पोरीला आवडेल, जड स्टीलची ताटली तिच्या हातून निसटते, हलकी बरी, असं काय काय तिनं स्वतःला सांगितलं होतं. शाळेच्या चाळीस ताटल्या एकाच टोपल्यात धुतल्या जायच्या आणि त्यातली कोणती कुणाला येईल याचा नेम नसायचा, ही गोष्ट मात्र स्वतःला सांगितली नव्हती. श्रीमंत सरांनी सोयीसुविधांच्या रजिस्टरमध्ये लगेच नोंद केली, 'दिव्यांग विद्यार्थिनीस स्वतंत्र थाळी व पेला'. फोटो काढला. आठवड्याभरात पोरांनी त्याचा खेळ केला. ज्याला गुलाबी थाळीचा स्पर्श होईल तो बाद. तो मग दुसऱ्याला शिवायला धावायचा, सगळे किंचाळत पांगायचे, आणि कशिश कठड्याला टेकून तो खेळ बघत हसायची. तिलाही घेतलं होतं खेळात, एवढंच तिला कळलं असावं, किंवा सगळंच कळलं असावं. शिल्पानं मुलांना रागावून खेळ बंद पाडला. थाळी बंद करायची मात्र तिला हिंमत झाली नाही. ती तशीच राहिली.

आठ दिवसांमागे शाळा समितीचे अध्यक्ष शेषेराव ऑफिसात आले. माणूस वाईट नाही, वीस एकर बागायत, शाळेला पंखे दिलेले. टोपी मांडीवर ठेवून म्हणाले, "मॅडम, त्या लेकराबद्दल आमच्या मनात कायबी न्हाई. पर आमची पुनम घरी येऊन जेवत न्हाई हो. डोळ्यापुढं तेच येतं म्हणती. अजून धाबारा जनांचं तेच हाय. आता हे असं किती दिस चालायचं?" श्रीमंत सर टेबलावरचा पेपरवेट फिरवत होते. ते म्हणाले, "गृहाधारित शिक्षणाची सोय आहे ना. विशेष शिक्षक घरी जातील. आठवड्याला एकदा. तिलाही त्रास नाही, यांनाही नाही. वर्गशिक्षिकेचा अभिप्राय लागतो फक्त." मग शेषेराव गेल्यावर आवाज खाली आणून म्हणाले, "शनिवारी समावेशक शाळेच्या पुरस्काराचं शूटिंग होऊ द्या. त्यानंतर कागद पुढं पाठवू. तुम्ही 'विद्यार्थिनीच्या हितासाठी' असं लिहा, म्हणजे कुणाला बोलायला जागा नाही." शूटिंगपुरती पोरगी पाहिजे, आणि सोमवारपासून नको. सर हे बोलताना चहात बिस्कीट बुडवत होते. बिस्कीट तुटून कपात पडलं आणि त्यांनी ते बोटानं काढून खाल्लं.

शिल्पाला सरांची किळस आली, पुनमच्या नाजूक घशाची आली. पण त्या सगळ्याच्या तळाशी तिला जे सापडलं, त्याची सर्वांत जास्त आली. तिला सुटका वाटली होती. एक क्षणभर का होईना, सोमवारपासून तो ओला वास नसेल, तो थेंब नसेल, घास खाताना मान वळवायला नको, या विचारानं तिला चक्क बरं वाटलं होतं. त्याच रात्री तिनं फॉर्म भरायला घेतला. 'विद्यार्थिनीच्या हिताच्या दृष्टीने', इतकं लिहून पेन थांबलं. पुढं लिहिणं झालंच नाही, कारण दुसऱ्या दिवशी गौसिया आली. गौसिया म्हणजे कशिशची आई, मुरुडला घरीच शिलाई करते, बाप सलीम गॅरेजवर. फॉर्मची कुणकुण लागल्यावर ती शाळेच्या फाटकाशी येऊन थांबली होती. रडली नाही, हात जोडले नाहीत. म्हणाली, "मॅडम, घरात बसली की संपली ती. एक खोली हाय आमची. दिवसभर मशीनचा आवाज आन् ती. हितं तिला कुनी खिजवतं, कुनी पळतं तिच्यापासून, चालतंय की. तेवढं तरी हाय." शिल्पा म्हणाली होती, बघते. बघते हा शब्द शिक्षकांना फार उपयोगी पडतो.

व्हॅन शाळेपाशी पोहोचली तेव्हा नांदेडच्या संस्थेची गाडी आधीच आलेली होती. एक कुर्तीतल्या मॅडम आणि एक पोट सुटलेला कॅमेरावाला. पटांगणात रांगोळी काढलेली, 'सारे शिकूया एकाच वर्गात'. सरांनी कशिशला पहिल्या बाकावर मधोमध बसवलं होतं. एरवी ती दाराजवळ बसते, येण्याजाण्याला सोपं म्हणून. लाळेरं काढून टाकायला लावलं होतं, फोटोत बरं दिसत नाही म्हणून, आणि त्यामुळे तासाभरात युनिफॉर्मचा पुढचा भाग ओला झाला. दोन्ही बाजूंना गोऱ्यागोमट्या दोन पोरी बसवलेल्या, त्यातली एक पुनम. पुनमला कशिशच्या खांद्यावर हात ठेवायला सांगितलं. तिनं ठेवला, चार बोटांची टोकं, आणि श्वास धरून कॅमेऱ्याकडे बघत राहिली. शिल्पाला त्या पोरीचा राग आला नाही. त्या बोटांच्या टोकांत तिला स्वतःची बोटं दिसली, आणि तिनं दुसरीकडे बघितलं.

साडेनऊला खिचडी झाली. मुलांना वाढायच्या अर्धा तास आधी एका शिक्षकानं ती चाखायची आणि चव नोंदवहीत शेरा लिहून सही करायची, असा नियम. शिल्पानं पाच वर्षं 'चव उत्तम' लिहिलं होतं, कित्येकदा न चाखताच. स्वयंपाक करणाऱ्या साखराबाई वाटीत खिचडी घेऊन आल्या तेव्हा शूटिंगच्या मॅडमनी विचारलं, हे काय? सांगितल्यावर त्यांचे डोळे चमकले. "अरे वा. मग ही चव कशिशच्या हातून घेऊ या ना. ती आपल्या ताटातला घास तुम्हाला भरवते. किती सुंदर होईल." साखराबाई म्हणाल्या, "चव लेकरांच्या आधी घ्यायची आसती ताई. लेकरांनी तोंड लावल्यावर न्हाई." त्यांच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. मुलांना ओळीनं बसवलं, वाढलं. गुलाबी थाळीऐवजी आज कशिशला स्टीलची ताटली दिली होती, सरांनी आठवणीनं. खायला सुरुवात करा म्हटलं. कशिशनं तीनचार घास खाल्ले, अर्धे तोंडात, अर्धे हनुवटीवर, तिथून पुन्हा ताटात. खिचडीतला वाटाणा आणि भात आणि लाळ यांचा एक काला झाला. मॅडम म्हणाल्या, "हं, आता द्या घास."

कशिशचा हात वर आला. तो सरळ कधीच येत नाही. आधी डावीकडे गेला, मग खाली, मग मनगट मागं मुडपलं, तिनं दात आवळून ते सरळ केलं, आणि ती पाच वाकडी बोटं शिल्पाच्या ओठांपाशी येऊन थरथरत थांबली. शितं बोटांना चिकटलेली, त्यांच्यामधून तार सुटलेली. कशिश तिच्या डोळ्यांत बघत होती. पुनम बघत होती, साखराबाई बघत होत्या, वर्ग बघत होता. शिल्पानं तोंड उघडलं. जिभेला आधी बोटांचा ओलेपणा लागला, मग भात, कोमट, आधीच कुणीतरी अर्धा चावलेला. आतून सगळं वर आलं. तिनं घास डाव्या गालात सारला आणि ओठ मिटून हसली. "जरा हसरं अजून मॅडम," कॅमेरावाला म्हणाला. ती हसली. "एकदा कशिशकडे बघून." ती बघून हसली. डोळ्यांत पाणी आलं ते उमासे दाबल्यामुळे आलं होतं, पण शूटिंगच्या मॅडमनी छातीवर हात ठेवला आणि सरांना हळूच म्हणाल्या, "बघा, किती आतून येतंय त्यांना." सर म्हणाले, "आमच्या मॅडम म्हणजे आईच आहेत तिच्या." शिल्पाच्या गालात घास तसाच. त्यात आता तिचीही लाळ मिसळत चालली होती.

मग ते सगळे बाहेर रांगोळीचं शूटिंग करायला गेले. पोरं ताटल्या घेऊन नळाकडे पळाली. वर्गात दोघीच उरल्या. शिल्पा उठली. सावकाश, कुठली घाई नसल्यासारखं दाराकडे निघायचं, मागच्या बाजूच्या नळावर जायचं, असं तिनं मनाशी ठरवलं होतं. ओढणीला ओढ बसली. कशिशनं टोक मुठीत धरलं होतं. तिची मूठ एकदा मिटली की पटकन उघडत नाही. "म... डम," ती म्हणाली. पुढचा शब्द यायला वेळ लागणार होता, आणि तोवर थांबणं भाग होतं. कशिशची मान हलत होती, गळ्याच्या शिरा ताठ झाल्या होत्या, तोंड वेडंवाकडं होत होतं, आणि शिल्पा गालात घास धरून तिच्यापुढं उभी. "थु... का," कशिश म्हणाली. "ते... गेले."

शिल्पाची कानशिलं तापली. म्हणजे कळलं होतं. आजचं कळलं होतं, कालचं मनगट कळलं होतं, जूनमधली थाळी कळली होती. पोरीच्या चेहऱ्यावर राग शोधला तर तो नव्हता. काम उरकून टाकावं तसा तिचा चेहरा. ती पुन्हा शब्द गोळा करत होती. "घान... वाटती ना." बाहेर सर कुणालातरी रांगोळीवर पाय देऊ नको म्हणून ओरडले. "वाटू... द्या. मला बी... वाटती. माझी." मग तिनं मोठा श्वास घेतला, कारण पुढचं वाक्य लांब होतं आणि ते तिला एका दमात म्हणायचं होतं. "पन मी... हितंच बसते."

याला उत्तर द्यायला हवं होतं. आणि तोंड भरलेलं होतं. गिळायचा तिनं एकदा खरंच प्रयत्न केला, डोळे मिटून, पण घशानं ऐकलं नाही. शिल्पानं पर्समधून रुमाल काढला आणि कशिशसमोरच, मान न वळवता, त्यात घास थुंकला. तोंड पुसलं. रुमालाची घडी केली. कशिश बघत राहिली आणि मग तिनं ताटात उरलेल्या खिचडीत हात घातला. "हो," शिल्पा म्हणाली. "वाटते घाण." वर्षभरात पहिल्यांदा ती या पोरीशी खरं बोलत होती. आवाज तिचा तिलाच ओबडधोबड वाटला. "आणि बस तू. इथंच बस."

फॉर्म तिनं बाकावरच उघडला, कशिशच्या ताटाशेजारी. 'विद्यार्थिनीच्या हिताच्या दृष्टीने' या अर्ध्या ओळीपुढं तिनं लिहायला सुरुवात केली. 'तिने वर्गातच बसून शिकणे आवश्यक आहे. गृहाधारित शिक्षणाची शिफारस नाही. तिच्यासोबत बसताना इतरांना किळस येते, वर्गशिक्षिकेसही येते. ती किळस आमची आहे व तिचा बंदोबस्त आम्ही करावयाचा आहे. त्यासाठी विद्यार्थिनीस घरी बसवू नये.' पुन्हा वाचलं. शेषेराव बोलतील, सर तर कागद फाडायलाच बघतील, आणि पुरस्कार गेला तो गेलाच. तोंडातली चव जात नव्हती. तिनं पेनला टोपण लावलं, कागदाची घडी घातली आणि उठली.

ओढणी अजून कशिशच्या मुठीतच होती. ती वाकून कागदाकडे बघत होती. इतका वेळ तिनं शब्दन् शब्द वाचला होता.

"म... डम," ती म्हणाली. शिल्पा थांबली. शब्द यायला पुष्कळ वेळ लागला.

"सही... नाय केली."